अर्ध्या तासाचं ठिगळ

माझी लांबी तीन ओळी आणि वय दोन वर्षं. मी एक पॅच आहे. कॉम्प्युटरच्या प्रोग्रामला कुठे भोक पडलेलं दिसलं की तिथे लावतात ते ठिगळ. माझ्यासारख्यांनी बोलायचं नसतं, गुपचूप काम करायचं असतं, म्हणून आजवर तोंड उघडलं नाही. आज उघडतोय ते एका कोड्यापायी. मी पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकच काम केलं, त्यात रतीभर बदल केला नाही. तरी त्याच कामासाठी आधी माझं कौतुक झालं आणि नंतर मला उपटून काढलं. माझं चुकलं कुठे, ते मला अजून उमगलेलं नाही. तुम्हाला कळलं तर बघा.

माझा जन्म मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरी गावचा. जानेवारीतला शनिवार होता, दुपारची वेळ. अतुलनं ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसला होता आणि ओले मोजे हीटरवर टाकून तो बेसमेंटमध्ये येऊन बसला होता. तिथे पाण्याच्या बंबाशेजारी त्याचं टेबल आहे, टेबलावर तळहाताएवढा एक कॉम्प्युटर आहे, आणि त्या कॉम्प्युटरमध्ये माझं घर. अतुल मूळचा नागपूरचा, इथे एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर, व्हिसावर. त्याची बायको उपासना औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे.

अतुलची आई गिरजाबाई नागपूरला एकट्या राहतात. महापालिकेच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या. आता त्यांना कंपवात आहे. हात थरथरतात, आणि गोळी वेळेवर पोटात गेली नाही तर हात नुसते थरथरत नाहीत, आखडून बसतात. गोळी दिवसातून तीनदा, आणि प्रत्येक वेळी जेवणाच्या अर्धा तास आधी. जेवणासोबत घेतली तर ती अंगी लागतच नाही. हा अर्धा तास तुम्ही ध्यानात ठेवा, कारण माझं सगळं आयुष्य त्यातच गेलं.

आईला वेळेची आठवण राहावी म्हणून अतुलनं एक गोळ्यांचा डबा नागपूरला पाठवला. वेळ झाली की डब्याचा दिवा लागतो आणि घंटी वाजते. घंटीचा हुकूम जातो श्रूजबरीच्या या बेसमेंटमधून. हुकूम देणारा प्रोग्राम ओरेगॉनमधल्या एका बाईंनी आपल्या वडलांसाठी लिहिला आणि सगळ्या जगाला फुकट वापरायला दिला. कुणीही घ्यावा, उघडून बघावा, काही बिघडलं असेल तर त्यांना कळवावं. तिथे तशी एक जाहीर पाटीच आहे, प्रोग्रामच्या पानावर, अगदी वर.

बाई भल्या, पण त्यांचा एक समज होता. देशादेशांच्या घड्याळांत फरक असतो तो पूर्ण तासांचाच, असं त्या धरून चालल्या. आता भारताचं घड्याळ लंडनच्या पुढे साडेपाच तास. प्रोग्राम त्या साडेपाचाचे सरळ सहा करायचा. त्यामुळे नागपूरला संध्याकाळी सातची घंटी साडेसहालाच वाजू लागली. गोळी लवकर पोटात जायची, मग जेवण येईपर्यंत गिरजाबाईंना मळमळायचं.

अतुलनं दुपारभर बसून भोक शोधून काढलं आणि मला लिहिलं. माझी पहिली ओळ विचारते, डबा भारतात आहे का? दुसरी म्हणते, असेल तर घंटी तीस मिनिटं थांबवून वाजव. तिसरी ओळ काहीच करत नाही, ती माणसांनी वाचायची असते. तिच्यात अतुलनं लिहिलं होतं, "तात्पुरतं आहे. या वीकेंडला कळवणे."

दुसऱ्या दिवसापासून घंटी ठरल्या वेळी वाजू लागली. गिरजाबाईंची मळमळ गेली. अतुलनं मला स्क्रीनवर पाहून खूश होऊन टेबलावर थाप मारली, तेव्हा मला काय वाटलं सांगू? अभिमानच वाटला. तीन ओळींच्या जिवाला आणखी काय हवं असतं!

उपासना चहा घेऊन खाली आली. तिनं विचारलं, "झालं का रे फिक्स?"

"एकदम. लोकल पॅच मारला."

"आणि त्या बाईंना कळवलंस? दुसरेही वापरत असतील ना."

"करतो ना यार रिपोर्ट. या वीकेंडला नक्की."

"आज वीकेंडच आहे," उपासना म्हणाली आणि कप ठेवून वर गेली.

त्यानं सुरुवात केली नाही असं नाही. माझ्याच शेजारी त्यानं एक मसुदा उघडला. चार वाक्यं इंग्रजीत लिहिली. मग "तसदीबद्दल माफ करा" हे वाक्य आधी वर टाकलं, मग खाली नेलं, मग काढलं. मग त्याला आठवलं की पूर्वी दुसऱ्या एका प्रोग्रामबद्दल त्यानं असंच कळवलं होतं, तेव्हा कुणीतरी सगळ्यांदेखत "आमच्याकडे तर नीट चालतं" एवढंच लिहून दार बंद केलं होतं. मग त्याच्या मनात आलं, बाहेरच्या प्रोग्रामात हात घालायला कंपनीची परवानगी लागत असेल, फॉर्म असेल, तो वकिलाकडे जात असेल, आणि व्हिसा रिन्यू होईपर्यंत कशाला उगाच कुणाच्या नजरेत या? मसुदा त्यानं तसाच ठेवून दिला. तो मसुदा आणि मी, आम्ही दोघं दोन वर्षं एका फोल्डरमध्ये शेजारी शेजारी राहिलो. तो बिचारा रोज तयार होऊन बसायचा.

मला तेव्हा काही खटकलं नाही, हे कबूल करतो. घरचं काम होत होतं. प्रोग्रामची नवी आवृत्ती दर रविवारी आपोआप उतरायची आणि तिच्या मागोमाग मला आपोआप चिकटवलं जायचं. अशी सोय अतुलनं एकदाच करून ठेवली आणि तो मला विसरला. मीही कुरकुर केली नाही.

गेल्या जानेवारीत एका रविवारी नवी आवृत्ती उतरली. मला चिकटवलं गेलं. माझी जागा होती तशीच होती, म्हणून मी नेहमीसारखा बसलो आणि घंटी तीस मिनिटं थांबवून वाजवायला लागलो. मला काय ठाऊक की दुसऱ्याच एका कोपऱ्यात ओरेगॉनच्या बाईंनी भोक बुजवून टाकलंय! आता प्रोग्राम साडेपाचाला साडेपाचच म्हणत होता. घंटी मुळातच सातला निघत होती आणि मी तिला अडवून साडेसातला सोडत होतो.

आणि गिरजाबाईंकडे साडेसात ही जेवणाची वेळ. हातामुळे त्यांना स्वयंपाक होत नाही. शेजारची शैला तिन्ही वेळचं ताट आणून देते, घड्याळ लावून घ्यावं इतकी वेळेवर. म्हणजे ताट समोर यायचं तेव्हाच घंटी वाजायची, गोळी घासाबरोबर जायची आणि वाया जायची.

आठवड्याभरात त्यांचे हात आखडायला लागले. फोन आला की अतुलचा चेहरा उतरायचा. एकदा त्या म्हणाल्या, "अतुल, तुझी घंटी उशिरा वाजते रे. माझ्या घड्याळात साडेसात होतात."

कुठली घंटी कधी निघाली याची कॉम्प्युटर नोंद ठेवतो, ती अतुलनं लगेच उघडली. नोंदीत लिहिलं होतं, सात वाजता घंटी. लिहिलेलं असणारच. नोंद माझ्या आधी होते, मी तिच्यानंतर बसतो. मी ओरडून सांगायला हवं होतं, पण पॅचला आवाज कुठे असतो? आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही कळत नव्हतं की घोटाळा माझा आहे.

"नाही आई, बरोबर सातला वाजतेय. मी इथे बघतोय ना, सिस्टिममध्ये क्लिअर दिसतंय. तुझं घड्याळ पुढे गेलं असेल."

"घड्याळ माझं जुनं आहे बाप्पा, पण पुढे जात नाही कधी."

"आई, मशीन चुकत नाही."

मग गिरजाबाई म्हणाल्या, "असेल. माझंच काही होत असेल."

त्यांच्या उशाशी गजराचं एक घड्याळ आहे, नोकरीतलं. त्याच घड्याळावर त्यांनी तीस वर्षं लोकांना इंजेक्शनं दिली, सलाइनचे थेंब मोजले. मला हे मागाहून कळलं, पण त्या दिवशी त्यांनी थरथरत्या बोटांनी त्या घड्याळाची कळ फिरवली आणि काटे अर्धा तास मागे नेले. मुलाचं मशीन म्हणतंय म्हणून.

पुढचा आठवडा गिरजाबाई नागपूरच्या अर्धा तास मागे राहत होत्या. रविवारच्या वंदनेला विहारात पोचल्या तर वंदना संपून लोक चपला घालत होते. महिला मंडळाच्या बैठकीत वाचन त्यांच्याकडे होतं, त्या गेल्या तेव्हा दुसरीनं वाचायला सुरुवात केली होती. त्या मागे जाऊन बसल्या. शैला ताट घेऊन आली की त्यांना वाटायचं, ही हल्ली लवकर का येते? पण रोज करून आणणाऱ्या बाईला असं विचारायचं कसं, म्हणून विचारायच्या नाहीत. आणि शैलाला वाटायचं, काकूंना विसर पडायला लागलाय, पण ते त्यांच्या तोंडावर बोलायचं कसं? तिनं शनिवारी अतुलला मेसेज टाकला, "दादा, काकूंचं वेळेचं भान सुटतंय असं वाटते. मंगळवारी डॉक्टरकडे नेते आहे. ते गोळी वाढवतो म्हणत होते."

अतुल बेसमेंटमध्ये येरझारा घालायला लागला. उपासना जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली होती.

"मी जाऊन येतो," तो म्हणाला.

"व्हिसा स्टँपिंगची अपॉइंटमेंट आहे का? गेलास आणि तिकडेच अडकलास तर?"

"मग काय करू? आई जाईल यार माझी अशीच, एकटी, काही न आठवता."

उपासनानं त्याचा हात धरला. माझ्यातून दिवसाला तीनदा घंटी जात होती आणि प्रत्येक वेळी मी ती इमानदारीनं तीस मिनिटं अडवत होतो.

रविवारी सकाळी अतुल तिकीट बघत बसला होता. एरवी तो आईला साडेनऊला फोन करतो, तिचं जेवण झाल्यावर. त्या दिवशी त्याला धीर निघेना. नऊच्या ठोक्याला त्यानं व्हिडिओ कॉल लावला. श्रूजबरीत सकाळचे नऊ म्हणजे थंडीच्या दिवसांत नागपूरला संध्याकाळचे साडेसात.

पडद्यावर गिरजाबाई आल्या. पलंगावर बसल्या होत्या, हात मांडीवर घट्ट धरलेले. शेजारी डबा, डब्याला टेकून ते घड्याळ. आणि तेवढ्यात डब्याची घंटी वाजली. दोन वर्षं मी जिला सोडत आलो तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. आवाज गोड होता.

"बघ," गिरजाबाई म्हणाल्या. त्यांनी घड्याळ उचलून पडद्यासमोर धरलं. "सात वाजले आणि घंटी वाजली. आता जमलं माझं. मी घड्याळ मागे घेतलं ना, तू म्हणालास तसं."

अतुल घड्याळाकडे बघत राहिला. त्यात सात वाजले होते. तेवढ्यात मागचं दार उघडून शैला ताट घेऊन आत आली.

गिरजाबाईंना आज राहवलं नाही. "शैला, काहून गं, आजही इतक्या लवकर?"

"लवकर कुठे काकू, साडेसात वाजले ना."

अतुलनं कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातली वेळ पाहिली, नऊ. बोटांवर तास मोजले, पुन्हा मोजले. मग म्हणाला, "आई, गोळी आत्ता घे, आणि जेवण अर्धा तास थांबव. शैलाताई, प्लीज ताट झाकून ठेवा. मी पाच मिनिटांत करतो फोन."

पाच मिनिटांऐवजी पंचवीस लागली. त्यानं नोंद पाहिली, सात. स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, साडेसात. मग तो प्रोग्रामच्या मूळ पानावर गेला आणि तिथे तीन आठवड्यांपूर्वीची बातमी वाचली. कॅनडाच्या पूर्व टोकाला एक बेट आहे, तिथलं घड्याळही आपल्यासारखंच अर्ध्या तासाचं. तिथल्या एका बाईनं साध्या चार ओळींत कळवलं होतं की घंटी अर्धा तास चुकते. ओरेगॉनच्या बाईंनी दोन दिवसांत दुरुस्ती केली आणि तिचे आभार मानले. बस, एवढंच. माफी नाही, फॉर्म नाही, वकील नाही. खाली लोकांनी लिहिलं होतं, आमच्याकडेही असंच होत होतं. कोलंबोचा एक होता. ॲडलेडची एक बाई होती, तिनं लिहिलं होतं की घंटीचा भरवसा उरला नाही म्हणून वडलांनी डबाच ठेवून दिला.

अतुलला मग मी आठवलो. त्यानं फोल्डर उघडलं. माझी पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. तिसरीवर थांबला. "तात्पुरतं आहे. या वीकेंडला कळवणे." खाली दोन वर्षांपूर्वीची तारीख. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी त्याच्याकडे पाहत होतो आणि मला समजत नव्हतं की तो माझ्यावर चिडलाय की आणखी कुणावर.

मग त्यानं मला प्रोग्राममधून काढलं, फोल्डरात तेवढं राहू दिलं. दुखलं नाही. फक्त सवयीनं वाटलं, आता घंटी कोण थांबवणार?

फोन पुन्हा लागला. अतुलनं आईला सगळं सांगितलं, अगदी पहिल्या शनिवारपासून. काही लपवलं नाही. "आई, तुझं घड्याळ बरोबर होतं. चूक माझी होती."

गिरजाबाईंनी शेजारच्या घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आठ दिवस मी माझ्यावर संशय घेतला रे. मला वाटलं, माझं डोकं गेलं."

अतुल रडला. पदराच्या टोकाशी चाळा करत त्या पलीकडे बसून राहिल्या. त्यांनी त्याला रडू दिलं, मग नर्सच्या आवाजात विचारलं, "म्हणजे दोन वर्षांपासून तुला माहीत होतं? आणि त्या बाईला सांगितलं नाहीस?"

"आपलं चालू होतं ना आई."

"आपलं चालू होतं," त्या म्हणाल्या. "आपल्या वस्तीतला नळ गळत होता तेव्हा समोरच्यानं चिंधी बांधून आपला हंडा भरून घेतला होता. मी काय केलं होतं?"

"त्याला झाडलं होतंस."

"चिंधीसाठी नव्हतं झाडलं. चिंधी तर मीही बांधली असती. चिंधी बांधून घरी जाऊन बसला म्हणून झाडलं. चाळीस घरं होती त्या नळावर. मग बायांना घेऊन ऑफिसात गेले, तेव्हा दुरुस्त झाला नळ." मग त्या शैलाकडे वळल्या. "घड्याळ दे गं इकडे. अर्धा तास पुढे घे."

सोमवारी अतुलनं ऑफिसात आपल्या मॅनेजरला, नीनाला, चाचरत विचारलं की घरच्या वापरातल्या प्रोग्रामबद्दल जाहीर लिहायचं तर कोणता फॉर्म लागतो. ती हसली म्हणे. "बग रिपोर्ट करायला कसली परमिशन? जस्ट डू इट." हे त्यानं उपासनाला सांगितलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. मंगळवारी डॉक्टरांनी गोळी वाढवली नाही. तिकीट काढावं लागलं नाही. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळाली की तो जाणार आहे, आईला भेटायला, घाबरून नव्हे.

आणि त्या जुन्या मसुद्याचं काय झालं? त्याचं नशीब अखेर उघडलं. अतुलनं त्यात नव्यानं लिहिलं, "मला हे दोन वर्षं माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. कुणी माझ्यासारखं घरगुती ठिगळ लावलं असेल तर आजच काढा, नाहीतर दुरुस्तीवर दुरुस्ती चढून तुमचं माणूस अर्धा तास मागे जाईल." ठिगळ कसं दिसतं ते ओळखता यावं म्हणून खाली मला चिकटवलं, तिन्ही ओळींसकट.

तेव्हापासून मी इथे, प्रोग्रामच्या जाहीर पानावर, उघड्यावर राहतो. ओरेगॉनच्या बाईंनी उत्तर दिलं, "मला वाटायचं फारसं कुणी वापरतच नाही. तुम्ही बोलला असतात तर बरं झालं असतं. आता बोललात, तेही बरं झालं." त्याखाली कोलंबोच्या माणसानं लिहिलं, माझ्याकडेही अगदी हेच होतं, काढलं. मग सांता क्लाराहून निमिष नावाच्या एकानं चक्क मराठीत लिहिलं, "दादा, सेम तीन ओळी. आई पुण्याला. आत्ता काढतोय, थँक्स यार." अतुल धरून आतापर्यंत अकरा जण झाले. मला वाटत होतं जगात मी एकटाच आहे. आम्ही अकरा होतो, आपापल्या बेसमेंटमध्ये, एकमेकांना न सांगता एकच काम करत.

म्हणून तर माझा गोंधळ अजून सुटत नाही. दोन वर्षं गिरजाबाईंचे हात मी चालते ठेवले, हे खरं. त्याच हातांनी घड्याळ मागे फिरवायला मी लावलं, हेही खरं. मी चिंधी होतो. चिंधी वाईट असते का? गिरजाबाई नाही म्हणतात. पण माझ्या तिसऱ्या ओळीचं ऐकलं असतं तर माझं आयुष्य चार दिवसांचं झालं असतं, आणि ते या दोन वर्षांपेक्षा चांगलं झालं असतं, असं मला आता वाटायला लागलंय. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याची तिसरी ओळ एकदा वाचा. एवढीच विनंती आहे.

माझी तिसरी ओळ मात्र अतुलनं इथे चिकटवताना बदलली. आता तिथे लिहिलंय, "कळवलं." तारीख त्या दिवसाची, आणि पुढे त्याचं पूर्ण नाव.

नागपूरला संध्याकाळ व्हायला आली असेल. गिरजाबाईंचं घड्याळ उशाशी असेल, डबा शेजारी असेल, शैला ताट वाढत असेल. घंटी माझ्याशिवाय वाजेल. ती बरोबर सातला वाजली की नाही, ते मला इथून ऐकू येत नाही.